दया आणि हक्क : 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स'चा इतिहाससंदर्भ

जे. बी. प्रीस्टली यांचे 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' हे नाटक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिहिले गेले. त्याचा पहिला प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात झाला. लंडनच्या रंगभूमीवर ते १९४६ मध्ये आले. नाटकातील रात्र मात्र १९१२ च्या वसंतातील आहे. कारखानदार आर्थर बर्लिंग मुलीच्या वाङ्निश्चयाच्या मेजवानीत, युद्ध होणार नाही आणि टायटॅनिक बुडू शकत नाही, असे ठामपणे सांगत असतो. दोन महायुद्धे पाहिलेल्या प्रेक्षकाला या आत्मविश्वासाचे मोल ठाऊक होते. त्यामुळे बर्लिंगचे दुसरे मत, म्हणजे प्रत्येकाने स्वतःपुरते पाहावे हे मतही, आपोआप संशयास्पद ठरते.

त्याच वेळी इन्स्पेक्टर गूल दारात येतो. इव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन प्राण दिले आहेत. तिच्या हालांचा आरंभ एका आकड्यात आहे. १९१० च्या सप्टेंबरात बर्लिंगच्या कारखान्यातील स्त्री-कामगारांनी आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी २५ शिलिंग मागितले. संप फसला आणि पुढाकार घेणाऱ्या मुलींना काढून टाकण्यात आले. इव्हा त्यांतली एक. हा प्रसंग कल्पित असला, तरी त्यामागचा काळ खरा आहे. १९१२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे दहा लक्ष कोळसा-खाणकामगार किमान वेतनासाठी संपावर गेले आणि त्याच वर्षी संसदेला त्यासंबंधीचा कायदा करावा लागला. इव्हासारख्या मुलींच्या मागे असे संघटित बळ नव्हते.

पुढच्या साऱ्या घटना वरवर किरकोळ आहेत. बर्लिंगच्या मुलीच्या तक्रारीवरून इव्हाची दुकानातील नोकरी जाते. भावी जावई तिला आसरा देतो आणि सोयीनुसार सोडून देतो. मुलगा एरिक तिच्यावर बळजोरी करतो. तिला दिवस राहतात. एरिकचे कृत्य वगळता, मालकाने कामावरून काढणे, गिऱ्हाइकाने तक्रार करणे, समितीने अर्ज फेटाळणे यांत कायद्याचा भंग कोठेच नाही. कायदा न मोडताही एक जीव जाऊ शकतो, या अस्वस्थ करणाऱ्या सत्याकडे नाटककार प्रेक्षकाला नेतो.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग श्रीमती बर्लिंगच्या स्त्री-साहाय्य समितीचा आहे. मदत द्यायची ती 'लायक' गरिबालाच, आणि लायकी ठरवायची ती देणाऱ्याने, ही एकोणिसाव्या शतकातील धर्मादायाची रीत तेथे अजून जिवंत आहे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारीविरुद्ध संरक्षण दिले, पण ते मोजक्याच उद्योगांपुरते. उरलेल्यांसाठी खाजगी दानधर्म होता, नाहीतर गरीबगृह. गर्भवती, अविवाहित इव्हा समितीसमोर खोटे नाव सांगते, म्हणून तिचा अर्ज नाकारला जातो. मुलाच्या बापाने देऊ केलेले पैसे चोरीचे असल्यामुळे आपण ते घेतले नाहीत, हे तिचे खरे बोलणेही खोटे ठरवले जाते. गरिबाला एवढा विवेक असू शकतो, यावर समितीच्या अध्यक्षेचा विश्वासच बसत नाही.

नाटक रंगमंचावर आले तेव्हा ही रीत मोडीत निघत होती. डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिज अहवाल आला. जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. १९४६ मध्ये नवा राष्ट्रीय विमा कायदा झाला आणि १९४८ मध्ये जुन्या गरीब-कायद्याचा शेवट झाला. गरजूच्या मिळकतीची चौकशी पुढेही होत राहिली. परंतु मदत ही दात्याची मर्जी नसून नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य झाले. ज्या प्रश्नावर मतपेट्यांतून निर्णय होत होता, तोच प्रीस्टली यांनी एका दिवाणखान्यात मांडला.

या मांडणीला एक मर्यादाही आहे. इव्हा रंगमंचावर कधीच येत नाही. तिचे आयुष्य इतरांच्या कबुलीजबाबांतूनच कळते. मजुरी वाढवून मागताना ती स्वतः बोलली होती. ते बोलणे नाटकाच्या आधीच संपलेले आहे. त्यानंतर तिचे भवितव्य श्रीमंतांच्या विवेकावर सोपवले जाते, आणि संघटनेचा मार्ग मागे पडतो. मात्र त्या विवेकाचा भरवसा नाटककार देत नाही. गूल हा खरा इन्स्पेक्टर नव्हता, असे कळताच आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. बदनामी टळली, एवढे त्यांना पुरते. मुलगा आणि मुलगी मात्र, आपण केले ते केलेच, असे म्हणत राहतात.

या नाटकाच्या आधाराने १९६५ मध्ये 'थाना थेके आसछि' हा बंगाली चित्रपट निघाला आणि उत्तमकुमार चौकशीला आले. इंग्लंडमधील गावातला प्रश्न बंगाली घरात परका वाटला नाही. दयेच्या भरवशावर जगणारी माणसे जेथे आहेत, तेथे ही चौकशी अपुरीच आहे.