पन्हळ भरून वाहते? आधी उतार आणि पाइपचे तोंड तपासा

घराच्या किंवा गोठ्याच्या पत्र्याची पन्हळ भरून वाहू लागली की ती लहान पडते असे वाटते. बहुतेक वेळा दोष उताराचा किंवा तुंबलेल्या पाइपचा असतो. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरवर 40 मिलिमीटर पडला तर 2,000 लिटर.

कचरा काढून पाइपपासून लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. मध्येच साचले तर तिथला आधार खचला आहे. दोरी धरून दर 10 फुटांना अर्धा इंच उतार पाइपकडे द्या. पाणी पाइपच्या तोंडाशी तुंबले तर खालचा एल्बो उघडा. वरून काठीने ढोसू नका, पाल्याचा बोळा आणखी घट्ट बसतो. गळका सांधा पूर्ण सुकल्यावरच सीलंट लावा.

पाणी जोत्याशी मात्र सोडू नका. भिंतीला ओल चढते, आत युरियाचे खडे होतात, थप्पीतल्या खालच्या पोत्यांना बुरशी लागते. पाइप 4-5 फूट पुढे, उताराच्या बाजूला काढा. विहिरीत सोडायचे असेल तर पहिल्या पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्या. नंतरचेही वाळू-खडीच्या गाळणीतूनच सोडा.