कॅराव्हॅनच्या छतावर लवचिक सौर पॅनेल : रायपूरच्या उन्हात हवेची फट महत्त्वाची

रायपूर : सिरपूर, बारनवापारा किंवा चित्रकोटच्या दिशेने निघालेल्या कॅराव्हॅनमध्ये रात्री दिवे, पंखा आणि लहान फ्रिज चालवण्यासाठी छतावर लवचिक सौर पॅनेल बसवणे हा सोयीचा पर्याय आहे. मात्र छत्तीसगडच्या उन्हाळ्यात ते थेट पत्र्याला चिकटवल्यास वीजनिर्मिती आणि पॅनेलचे आयुष्य दोन्ही घटते. त्यामुळे पॅनेल व छत यांच्यात हवा खेळती ठेवणे हा या जोडणीतील कळीचा मुद्दा ठरतो.

काचेचे १०० वॉटचे पॅनेल साधारणतः सहा ते आठ किलो वजनाचे असते. तेवढ्याच क्षमतेचे लवचिक पॅनेल दोन ते तीन किलोंचे असते. ते छताच्या सौम्य गोलाईवर बसते आणि वाऱ्याला फारसा अडथळा करत नाही. मात्र आतील सिलिकॉनचे सेल ठिसूळच असतात. निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाकवल्यास किंवा वर पाय ठेवल्यास त्यांना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात.

पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असते. त्यापुढे सेलच्या प्रत्येक अंश तापमानवाढीमागे निर्मिती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. तापलेल्या पत्र्यावरील सेल ७५ अंशांपर्यंत पोहोचल्यास १५ ते २० टक्के वीज कमी मिळते. यावर उपाय म्हणून पॅनेलखाली पोकळ कप्प्यांचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवून कप्प्यांची तोंडे मोकळी ठेवावीत. धावत्या वाहनात वारा शिरून पॅनेल उचकटू नये, यासाठी पुढची कड भक्कम चिकटवणे आवश्यक असते.

रायपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास शून्य सावली दिवस येतो. त्यामुळे उन्हाळ्यात छतावर सपाट बसवलेल्या पॅनेललाही भरपूर ऊन मिळते. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो आणि सपाट पॅनेलची निर्मिती घटते. सामानाच्या कॅरिअरची किंवा झाडाची सावली थोड्या भागावर पडली, तरी एका साखळीत जोडलेल्या सेलांची वीज लक्षणीय प्रमाणात कमी होते.

जोडणी करताना छत धुऊन, तेलकटपणा काढून कोरडे करावे. वायर जलरोधक ग्लँडमधून आत घ्यावी. प्रथम बॅटरी चार्ज कंट्रोलरला आणि त्यानंतर पॅनेल जोडावे. काम पूर्ण होईपर्यंत पॅनेल जाड कापडाने झाकावे. बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तो नसल्यास शॉर्टसर्किटच्या वेळी वायर तापून आग लागण्याचा धोका असतो आणि वाहनात झोपलेल्यांना बाहेर पडण्यास फारच थोडा वेळ मिळतो.

चांगल्या उन्हाच्या दिवशी २०० वॉटच्या पॅनेलमधून सर्व घट धरून सुमारे पाऊण युनिट वीज मिळू शकते. दिवे, पंखा आणि लहान फ्रिज यांना ती साधारणपणे पुरते. एक टनाचा वातानुकूलक मात्र एवढी वीज तासाभरातच संपवू शकतो. रेल्वेनेही छतावरील सौरविजेचा वापर असाच मर्यादित ठेवला होता. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते जुलै २०१७ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या डेमू गाडीत सौरवीज डब्यांतील दिवे-पंख्यांसाठी होती. गाडी ओढण्याचे काम डिझेल इंजिनकडेच होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरबदल करता येत नाहीत. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे खातरजमा करावी आणि विमा कंपनीलाही बदलाची लेखी माहिती द्यावी.