तिकिटातले पंधरा पैसे

एसटीच्या तिकिटात भाडे किती आणि त्यात आणखी काय मिसळले आहे, हे पूर्वी प्रवाशाला कळत नसे. कंडक्टरच्या पेटीत किमती छापलेली रंगीत तिकिटे असत. चिमट्याने भोक पडले, घंटीची दोरी ओढली, व्यवहार संपला. रेणापूरहून लातूरच्या बाजाराला निघालेला माणूस सुट्टे मोजून देई. हिशेब कोण विचारणार?

1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे 1 कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी केंद्राने 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर 5 पैशांचा जादा कर बसवला. रेल्वेच्या आणि देशातल्या विमानाच्या भाड्यावरही कर आला. महाराष्ट्रात बसच्या तिकिटावर अधिभार लागला. लोकांनी कुरकुर केली नाही, आणि ते योग्यच होते. घर सोडून पळालेल्या माणसासाठी चार पैसे देणे आपल्याकडे कुणाला जड जात नाही.

बांगलादेश स्वतंत्र झाला. निर्वासित परतले. केंद्राने आपले कर 1 एप्रिल 1973 पासून कायदा करून रद्द केले. बसच्या तिकिटावरचा अधिभार मात्र तसाच राहिला. निर्वासितांच्या जागी बालकांचे पोषण आले आणि वसुली चालू राहिली. पुढे 15 पैसे झालेला हा अधिभार 2015 साली चर्चेत आला, तेव्हा कुठे तो उठवण्याचे ठरले. दरम्यान दोन पिढ्या त्या एसटीतून प्रवास करून गेल्या होत्या.

पोषण हे वाईट काम आहे, असे कोण म्हणेल? पण तिकिटामागे ठरावीक आकार लावला की रेणापूर-लातूर जाणारा मजूर आणि लातूर-मुंबई जाणारा व्यापारी सारखेच देतात. रोज येणारा-जाणारा तर जास्तच देतो. ‘अधिभार’ या शब्दात भार आहे, तो कुणाच्या खांद्यावर पडतो ते मात्र त्यात नाही.

1971 मध्ये ग्राहक म्हणून दाद मागायला वेगळा कायदाच नव्हता; तो 1986 साली आला. अर्थात कायद्याने बसवलेला कर ग्राहक आयोग उठवू शकत नाही. तिथे आमदाराला धरावे लागते, किंवा 2005 च्या माहिती अधिकारात जमा रकमेचा हिशेब मागावा लागतो.

खासगी बसवाल्याची गोष्ट निराळी. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार गर्दीच्या हंगामात तो एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. त्याबद्दलची तक्रार आरटीओकडे करायची. मोबाइलवर तिकीट काढताना आधी एक भाडे दाखवून शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ चढवणे, न विचारता विमा जोडणे, हे प्रकार 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहेत. तशा वेळी त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि 1915 वर तक्रार नोंदवावी.

तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली. कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे रेणापूरच्या माणसाला लातूरपर्यंतच जायचे. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही. तिकीट मात्र जपून ठेवावे लागते. आपल्याकडे ते उतरताच खिडकीतून उडते.