५ व्होल्टकडून १२ व्होल्टकडे : संगणकाच्या ‘एसएमपीएस’चा इतिहास

१/ सूरजागडच्या डोंगराखाली, एटापल्ली तालुक्यातील एखाद्या घरी सुटे भाग जुळवून संगणक उभारायचा झाला, तर मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी नागपूर-मुंबईहून मागवता येते. वीज मात्र तिथल्या तारेतूनच घ्यावी लागते. या दोहोंना जोडणारी पत्र्याची पेटी म्हणजे एसएमपीएस. ती बहुधा वॅटचा आकडा पाहून घेतली जाते, आणि फसगत तिथेच होते. का, ते तिच्या इतिहासात सापडते.

२/ पूर्वी वीज उतरवण्यासाठी लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र लागे. ‘स्विच्ड मोड’ पद्धतीत प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो. त्यामुळे रोहित्र मुठीएवढे पुरते. १९७७ च्या ॲपल-२ साठी रॉड होल्ट यांनी असा पुरवठा रचला. घरगुती संगणक हलका आणि थंड राहण्यात त्याचा मोठा वाटा होता.

३/ १९८१ च्या आयबीएम पीसीची पेटी अवघी ६३.५ वॅटची होती. १९८४ च्या पीसी-एटीची १९२ वॅटची. त्या काळी बहुतेक चिप ५ व्होल्टवर चालत. १२ व्होल्टचे काम मुख्यतः डिस्कच्या मोटारी फिरवण्याचे. म्हणून पेट्याही ५ व्होल्टवर भर देऊनच बनत.

४/ नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने भारतात आयात सैल झाली. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, ‘असेंबल्ड’ संगणकाचा बाजार फुलला. एटी पेटीचे दोन जोड शेजारी-शेजारी बसत. काळी तार काळ्या तारेला लागून, हा कारागिरांचा मंत्र होता. जोडांची अदलाबदल झाली की मदरबोर्ड जळे.

५/ १९९५ च्या एटीएक्स मानकाने तो धोका संपवला. २० पिनांचा एकच जोड आला, तो उलटा बसतच नाही. सोबत ३.३ व्होल्टही आले. पण प्रोसेसरची भूक वाढत राहिली. कमी दाबाने जास्त वीज न्यायची तर प्रवाह वाढतो आणि तारा तापतात. म्हणून २००० साली पेंटियम-४ च्या वेळी १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोड आला. प्रोसेसरचा भार ५ वरून १२ व्होल्टवर सरकला आणि ग्राफिक्स कार्डेही त्याच वाटेने गेली.

६/ जुन्या पेटीची फसगत ती हीच. वरच्या लेबलवर ४५० वॅट असेल. पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असतील, तर त्या वाटेने मिळतात फक्त २१६ वॅट. आजचा जवळजवळ सारा भार तिथेच असतो.

७/ भिंतीकडच्या बाजूलाही इतिहास आहे. अमेरिकेत ११५ च्या आसपासचा दाब, भारतात २३०. म्हणून जुन्या पेट्यांमागे लाल खटका असे. तो ११५ वर राहिला आणि २३० ची वीज दिली, की आतले कपॅसिटर फुटत.

८/ १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १९८३ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पण केंद्र जवळ असले म्हणजे घरातला दाब नीट असतो, असे नाही. वीज ग्रिडमधून फिरून, लांब वाहिनीने येते. वाहिनीच्या टोकाला, संध्याकाळच्या भारात, दाब खाली उतरतो.

९/ म्हणून जंगलपट्ट्यातल्या खरेदीदाराने लेबलवर ‘१००-२४०’ व्होल्ट असा विस्तृत पल्ला शोधावा. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या बहुतेक पेट्यांना तो असतो आणि दाब घसरला तरी त्या काम सोडत नाहीत. मात्र चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरशी त्यांचे नेहमी पटत नाही. तेथे शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस बरा.

१०/ क्रम असा : आधी भिंतीचा दाब, मग १२ व्होल्टचे अँपिअर, मग मदरबोर्डचे व कार्डाचे जोड, आणि शेवटी एकूण वॅट. पेटीवर वाचवलेले पैसे बिघाडाच्या एका क्षणात मदरबोर्डसकट जाऊ शकतात, आणि दुरुस्तीचे दुकान जिथून दूर आहे तिथे त्या चुकीची किंमत आणखी वाढते.