दोन लाख तीस हजार: एका आकड्याचा माग

जगातल्या सर्वांत जीवघेण्या भूकंपांची एखादी यादी काढून बघा. त्यात बहुतेक वेळा ही नोंद सापडेल: अलेप्पो, ११ ऑक्टोबर ११३८, मृत्यू २,३०,०००. संशोधनात उतरणार असाल, तर हा आकडा आला कुठून ते बघाच.

अलेप्पो उत्तर सीरियात आहे. अरबी भूपट्ट आफ्रिकी भूपट्टाला घासत उत्तरेकडे सरकतो. त्यांच्या सीमेवरचा प्रस्तरभंग मृत समुद्राजवळून थेट तुर्कस्तानपर्यंत जातो. म्हणजे इथे मोठे भूकंप होणं नवलाचं नाही.

११३८ मध्ये क्रुसेडरांच्या ताब्यातला हारिमचा किल्ला ढासळला. अथारिबच्या किल्ल्यात पहाऱ्यावरचे सुमारे ६०० जण मेले. अलेप्पोत बालेकिल्ल्याच्या भिंती आणि घरं कोसळली. पण आधीच्या धक्क्यांनी सावध झालेले बरेच लोक शहराबाहेर मोकळ्या जागी गेले होते. शिवाय तेव्हा शहराची वस्तीच काही दहा हजारांची. मग एवढे मृत्यू झाले कुठे?

हा आकडा पहिल्यांदा दिसतो तो पंधराव्या शतकातल्या इब्न तघरीबिर्दी या इतिहासकाराकडे, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी! निकोलस अँब्रेसीज यांनी २००४ मध्ये बाराव्या शतकातल्या इथल्या भूकंपांच्या जुन्या नोंदी तपासून लेख लिहिला. अशा तपासणीतून दिसतं ते असं: नोव्हेंबर ११३७ चा जझीरा मैदानातला, ११३८ चा अलेप्पोचा आणि ३० सप्टेंबर ११३९ चा गांजाचा (आजचं अझरबैजान), असे तीन वेगळे भूकंप एकात मिसळले गेले.

'शेकडो वर्षांपूर्वीचं आहे, काय फरक पडतो?' असं वाटेल. पडतो. भूकंपमापक यंत्रं नव्हती त्या काळातल्या भूकंपाचा आकार आपण नुकसानीच्या नोंदींवरूनच ठरवतो आणि तोच पुढे धोक्याच्या अंदाजात जातो. तीन भूकंपांचं नुकसान एकाच्या नावावर टाकलं की तो भूकंप फुगतो आणि उरलेल्या दोन जागा नकाशावर निर्धास्त दिसायला लागतात. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात अलेप्पोत पुन्हा इमारती कोसळल्या, माणसं गेली. तिथे हा हिशेब कागदावरचा नाही.

म्हणून जुना आकडा उचलण्याआधी विचारा: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कुठे बसून लिहिलं? दहा ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. दहाही जणांनी एकाचंच उतरवलेलं असू शकतं.