अमेरिकन रॉबिनचे हिवाळी वास्तव्य

अमेरिकन रॉबिन (शास्त्रीय नाव: टर्डस मायग्रेटोरियस) हा कस्तूर कुलातील पक्षी उत्तर अमेरिकेत सर्वत्र आढळतो. वसंताचा अग्रदूत म्हणून तो लोकप्रिय असून मिशिगन, कनेक्टिकट व विस्कॉन्सिन या राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. हिवाळ्यात सर्व रॉबिन दक्षिणेस निघून जातात असा सार्वत्रिक समज असला, तरी अनेक रॉबिन थंड प्रदेशांतही मुक्काम करतात.

नाव व वर्गीकरण

लिनियसने १७६६ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. तांबूस छातीमुळे युरोपीय वसाहतकारांना तो मायदेशातील रॉबिनसारखा वाटला व तेच नाव रूढ झाले. प्रत्यक्षात युरोपीय रॉबिन हा माशीमार कुलातील आहे. महाराष्ट्रात आढळणारे चीरक व दयाळ यांच्या इंग्रजी नावांतही 'रॉबिन' हा शब्द येतो. तेही माशीमार कुलातीलच आहेत.

वर्णन

लांबी साधारण २३ ते २८ सें.मी. असते. पाठ करडी, डोके काळसर, छाती विटकरी-नारिंगी व चोच पिवळी असते. मादीचे रंग नरापेक्षा फिके असतात.

हिवाळ्यातील वर्तन

दक्षिण कॅनडापासून मध्य मेक्सिकोपर्यंतच्या प्रदेशात रॉबिन हिवाळा घालवतात. मुक्काम कोठे करायचा हे थंडीपेक्षा अन्नाच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून असते. पिसे फुलवून त्यांत हवा कोंडून ठेवल्याने शरीराची ऊब टिकते. मात्र जमीन गोठली की गांडुळे व कीटक मिळेनासे होतात. तेव्हा हा पक्षी जुनिपर, हॉली, हॉथॉर्न, सुमॅक व रानटी सफरचंद यांच्या फळांवर उपजीविका करतो.

वसंतात स्वतःच्या हद्दीसाठी भांडणारे नर हिवाळ्यात थव्यांत वावरतात. थवे फळझाडांच्या शोधात भटकतात व रात्री सामूहिक रातथाऱ्यावर एकत्र येतात. अशा मोठ्या रातथाऱ्यांवर लाखाहून अधिक पक्षी जमल्याच्या नोंदी आहेत. दिवसाचा बराच वेळ ते झाडीत घालवतात व क्वचितच गातात. त्यामुळे हिरवळीवर ते दिसेनासे होतात आणि निघून गेल्याचा भास होतो. बर्फ वितळून गांडुळे वर येऊ लागली की थवे विखुरतात आणि नर गाऊ लागतात.

परसातील निरीक्षण

रॉबिन सहसा दाण्यांच्या खाद्यपात्राकडे फिरकत नाही. चिरलेले सफरचंद, भिजवलेले बेदाणे किंवा अळ्या उथळ ताटलीत अथवा जमिनीवर ठेवल्यास तो येऊ शकतो. न गोठलेले पाणीही त्याला आकर्षित करते. हिवाळाभर फळे धरून ठेवणारी स्थानिक झुडपे लावणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. थव्याने येणारे रॉबिन एखादे झाड थोड्याच काळात रिकामे करतात. म्हणून एके दिवशी शेकडो पक्षी दिसावेत आणि दुसऱ्या दिवशी एकही नसावा, असे घडते.

अशा नोंदी पक्षिगणनेस उपयुक्त ठरतात. ख्रिसमस पक्षिगणना १९०० मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑड्युबॉन सोसायटी यांनी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा फेब्रुवारीतील उपक्रम आरंभिला. २०१३ पासून भारतातील पक्षिनिरीक्षकही त्यात भाग घेतात.

धोके व संवर्धन

एल्म वृक्षांवरील रोगाच्या नियंत्रणासाठी १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी करण्यात आली. फवारलेली पाने गळून मातीत मिसळली, ती गांडुळांनी खाल्ली आणि हिवाळा संपवून परतलेले रॉबिन ती गांडुळे खाऊन मेले. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या आवारातील अशा मृत्यूंची हकिकत रेचेल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथात मांडली. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. आज ही प्रजाती संकटग्रस्त नाही. तथापि पाळीव मांजरे, खिडक्यांच्या काचा व हिरवळीवरील कीटकनाशके यांचा धोका कायम आहे.