आयमस प्रकरण

आयमस प्रकरण : अमेरिकन नभोवाणी निवेदक डॉन आयमस (१९४०–२०१९) याच्या वंशद्वेषी व स्त्रियांची मानहानी करणाऱ्या शेरेबाजीतून २००७ मध्ये उद्भवलेला वाद. प्रसारणसंस्थेचा नफा आणि तिची सामाजिक जबाबदारी यांतील संघर्षाचे उदाहरण म्हणून तो महत्त्वाचा मानला जातो. आयमसची गणना ‘शॉक जॉक’ या वर्गात, म्हणजे श्रोत्यांना धक्का देण्यासाठी मुद्दाम मर्यादा ओलांडणाऱ्या निवेदकांत होत असे. त्याचा सकाळचा कार्यक्रम सीबीएस रेडिओच्या न्यूयॉर्क केंद्रावरून देशभर जाई आणि एमएसएनबीसी ही दूरचित्रवाहिनी त्याचे सहप्रक्षेपण करी.

४ एप्रिल रोजी, रटगर्स विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, आयमसने त्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल हीन उद्गार काढले. निषेध वाढताच त्याने माफी मागितली व त्याला दोन आठवड्यांसाठी निलंबित करण्याचे जाहीर झाले. मात्र प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्सप्रेस यांसारख्या जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यावर ११ एप्रिलला एमएसएनबीसीने सहप्रक्षेपण थांबवले आणि १२ एप्रिलला सीबीएसने त्याला बडतर्फ केले. आपल्या निर्णयामागे नैतिक कारणे व कर्मचाऱ्यांच्या भावना असल्याचे या संस्थांनी सांगितले, तर तोच आडदांडपणा अनेक वर्षे खपवून घेतला गेला होता, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले.

कायद्याची भूमिका येथे गौण ठरली. प्रसारणाचे परवाने देणाऱ्या संघीय संचार आयोगाला १९३४ च्या संचार अधिनियमाने अभ्यवेक्षणाचा, म्हणजे मजकुरावर पूर्वनियंत्रण ठेवण्याचा, अधिकार नाकारला आहे. आयोगाचे असभ्यतेविषयीचे नियम लैंगिक व उत्सर्जनविषयक वर्णनांपुरते असल्याने वांशिक अपमान त्यांच्या कक्षेत येत नाही. परिणामी अंकुश उरतो तो जाहिरातदारांचा; परंतु तो बाजाराच्या कलाने चालणारा असल्याने टिकाऊ नसतो. करारभंगाच्या दाव्याची तयारी चालवलेल्या आयमसशी सीबीएसने ऑगस्टमध्ये तडजोड केली व ३ डिसेंबर २००७ रोजी तो न्यूयॉर्कच्याच डब्ल्यूएबीसी केंद्रावरून पुन्हा बोलू लागला. त्याला पदच्युत करणारा आणि परत आणणारा हिशेब अशा रीतीने बव्हंशी एकच होता.